पाडव्याचं उटणं

"हात वर कर," आई म्हणाली.

मी मोरीत पाटावर बसले होते, परकर छातीशी घट्ट धरून. आईच्या हातात तुरटीचा खडा होता. तिनं तो पाण्यात बुडवला, माझ्या दोन्ही काखांत घासला, थोडी थांबली आणि मग वाकून नाक लावलं. लग्न झालेली मी, आणि आई माझ्या काखेत नाक घालून बसलेली. आज सांगताना हसू येतं. तेव्हा आम्ही दोघीही श्वास रोखून होतो.

"येतोय का?" मी विचारलं.

"कळंना," ती म्हणाली. "माझा कुठला आन् तुझा कुठला, तेच कळंना."

त्याच वर्षी वैशाखात माझं लग्न झालं होतं. सासर साताऱ्यात. नवऱ्याचं नाव जयवंत. तेव्हा मी ‘अहो’च्या पुढं गेले नव्हते, आता नाव घ्यायला कुणाची ना नाही. विम्याच्या कचेरीत नोकरी, घरी तो आणि त्याची आई, एवढीच माणसं. आषाढात नव्या सुनेनं सासरी राहायचं नसतं, म्हणून मामा मला आखाडाला माहेरी घेऊन आला. आखाड सरला की सासरचं कुणीतरी न्यायला येतं, अशी रीत. पंचमी झाली, कुणी आलं नाही. गौरी आल्या. नव्या सुनेचा पहिला ओवसा, सुपं पुजायचा, सासरच्या गौरीपुढं असतो, पण त्यालाही बोलावणं नाही. शेजारच्या बायका आधी "राहा की गं अजून चार दिवस" म्हणायच्या, त्या हळूहळू काहीच म्हणेनाशा झाल्या. ते जास्त लागायचं.

शेवटी मामा साताऱ्याला जाऊन आला. आल्यावर स्वयंपाकघरात आईसमोर बसला आणि फरशीकडं बघत बोलला. माझ्या सासूबाईंचं म्हणणं असं, की पोर कामाला चांगली आहे, बोलायला गोड आहे, पण तिच्या अंगाला काखेतून वास येतो. आधी काय असेल ते औषधपाणी करा, वास गेला की न्यायचं बघू.

मला एकदम उदबत्त्या आठवल्या. साताऱ्याच्या घरात मी ज्या खोलीत बसून उठायचे तिथं माझ्यामागून सासूबाई उदबत्ती लावायच्या. मला वाटायचं, किती देवभोळ्या आहेत. माहेरी आल्यावर मी हे मोठ्या कौतुकानं आईला सांगितलंही होतं. ते ऐकून ती गप्प झाली होती, आणि का गप्प झाली ते मला आत्ता मामासमोर उभं राहून कळत होतं. लाज अशी वाटली की हात अंगाशी घट्ट दाबून धरले, आणि पुढचे कितीतरी दिवस ते तसेच राहिले.

मामा गेल्यावर आई म्हणाली, "माझंच आलंय तुझ्यात."

तिनं मग मला तिची हकीकत सांगितली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी आजी तिला चुलीपुढं बसू देत नव्हती. तिचं लुगडं वेगळ्या दोरीवर वाळत पडायचं. कुणी पाहुणी आली की आजी तिला परसात काहीतरी काम सांगायची. सांगताना आई रडली नाही. उलट शेवटी तिच्या तोंडावर जरासं समाधानच आलं.

"पण तुझ्या आप्पांना मुळात वासच येत नाही," ती म्हणाली. "कशाचाच. आमटी करपली तरी कळत न्हाई त्यांना. देवानं तेवढं बघितलं बाई माझ्याकडं. सगळी घरची नाकं मुरडायची, आन् ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला पत्ता न्हाई. मी त्यावर निभावून नेलं."

आप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. कामगारांची आत-बाहेर टिपायची आणि भोंग्याकडं लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. घरी आले की कनवटीची तपकिरीची डबी काढून एक चिमूट नाकात सोडायची आणि ओट्यावर बसायचं. बोलणं कमी. त्यांना यातलं काही सांगायचं नाही असं आईनं ठरवलं. साताऱ्याला घराचं काम काढलंय, भिंती पाडल्यात, म्हणून पोर इथं राहिलीय, असं तिनं त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. मी विचारलं, खरं का नाही सांगत? तर म्हणाली, "माझ्याच अंगाचं पोरीत गेलंय, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? त्यांना माझंच ठाऊक न्हाई."

मग उपाय सुरू झाले. सकाळी तुरटी. आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला. संध्याकाळी कच्च्या बटाट्याची चकती घासायची, कारण ती घाण ओढून घेते असं कॉलनीतल्या कुणीतरी सांगितलेलं. वाळा आणि नागरमोथा कुटून केलेली पूड अंग पुसल्यावर लावायची. रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी अनशेपोटी प्यायचं. कांदा बंद, लसूण बंद, रविवारचं मटण बंद. आप्पांच्या ताटात रस्सा आणि माझ्या ताटात दुधी, तर ते विचारायचे, हिला काय झालंय? आई सांगायची, तिचा कसला तरी उपास आहे. इतके उपास मी आजवर केलेले नाहीत.

शेजारणींना विचारताना आई माझं नाव घ्यायची नाही. चुलतबहिणीच्या पोरीला असं असं होतंय, म्हणायची. हळूहळू ही चुलतबहिणीची पोर कॉलनीभर माहीत झाली. नळावर बायका आईला विचारायच्या, "काय म्हणतीय हो ती पोरगी? दिली का नवऱ्याकडं धाडून?" आणि मी तिथंच घागर भरत उभी असायचे. त्या बायकांच्या नजरेतून काही सुटत असेल असं मला वाटत नाही.

पण उपाय लागू पडतोय की नाही, हे सांगणार कोण? ही आमची खरी अडचण होती. आईला तिचा आणि माझा वास वेगळा करता यायचा नाही. मला स्वतःचा कधी आलाच नव्हता. आप्पांना नाक नव्हतं. मामाला विचारायचं म्हणजे शरमेनं मरायचं. दसऱ्याला कारखाना सुरू झाला आणि मळीचा वास सगळ्या कॉलनीवर पसरला. बाहेरून आलेला माणूस तो वास आला की पदराचं नाहीतर रुमालाचं टोक नाकाला लावायचा. आम्हाला तो आठवड्याभरात येईनासा व्हायचा. मी आईला म्हटलंही, तसंच सासूबाईंनाही सवय झाली असती की. आई म्हणाली, ज्याला सवय करून घ्यायची असते त्याला होते.

मला साताऱ्याला जायचं होतं. हे स्पष्ट सांगते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. जयवंत मला आवडला होता. त्यानं मला एकदा स्कूटरवरून किल्ल्याच्या पायथ्याशी फिरायला नेलं होतं आणि येताना उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडली होती. वारा भरून येत होता, आवाज कसलाच नव्हता, मी मागून त्याला धरलं होतं आणि तो मोठ्यानं हसत होता. त्याच्यानंतर आम्ही तीनचारदा तरी तसं गेलो. त्यानं कधी नाक मुरडलं नव्हतं. म्हणून मला वाटायचं, हे सगळं सासूबाईंचं आहे, त्याचं नाही. तो एकदा आला, एकदा जवळ बसला, की झालं.

दिवाळीच्या तोंडावर मामानं दुसरा निरोप आणला. जयवंत दिवाळसणाला येणार. पाडव्याला उटणं लावून घेणार, तेव्हा काय ते त्याला कळेलच. वास गेला असला तर भाऊबीज झाली की मला घेऊन जाणार. नसला तर अजून औषध करा.

आई त्या दिवसापासून सैरभैर झाली. पाडव्याला बायको नवऱ्याच्या अंगाला तेल-उटणं लावते, हा आमच्याकडं लाडाचा कार्यक्रम. पहिल्या वर्षी तर घरातली सगळी दाराआडून हसत असतात. आमच्या घरी त्याची परीक्षा झाली. धनत्रयोदशीला आईनं आप्पांचं जुनं ब्लेड घेऊन माझ्या काखा साफ केल्या आणि त्याच कच्च्या कातडीवर लिंबाच्या फोडीनं खायचा सोडा चोळला. कुणीतरी तिला सांगितलं होतं की एकदा जोरात चोळलं की मुळापासून जातो. मी ओरडले. ती म्हणाली, "सोस जरा. एवढंच सोस." ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी कातडी सोललेल्या बटाट्यासारखी झाली, मग काळी पडत गेली, मग तिच्यातून पाणी यायला लागलं. आईनं लोणी लावलं, खोबरेल लावलं, आणि देवापुढं जाऊन बसली. मला हात खाली टेकवता येईना. मी कमरेवर हात ठेवून घरातून फिरत होते, एखाद्या भांडखोर बाईसारखी. आप्पा म्हणाले, कुणावर उठलीयस गं?

जयवंत लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आला. मिठाईचा पुडा, आईसाठी साडी, आप्पांसाठी टोपी. कॉलनीच्या फाटकापासूनच त्यानं रुमाल नाकाला लावला होता, मळीमुळं. घरात आल्यावरही बराच वेळ तो हातातच होता, आणि तो रुमाल वर गेला की आईच्या हातातलं भांडं वाजायचं. तो माझ्याशी चांगला बोलला. साताऱ्यात थंडी पडायला लागलीय म्हणाला, स्कूटरचा टायर बदलला म्हणाला. पण बसला लांब, खिडकीजवळ.

पाडव्याला सकाळी मागच्या अंगणात बंब पेटवला होता. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मी आईचं सैल बाह्यांचं पोलकं घातलं होतं, कारण माझ्या पोलक्यांच्या बाह्या काचत होत्या. आईनं वाटीत तेल कोमट करून दिलं, दुसऱ्या वाटीत उटणं कालवून दिलं आणि कानात सांगितलं, "मागनं नको लावूस. पुढं उभी राहून लाव. कळू दे त्यांना." मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. आप्पा बंबाशी होते. आम्हाला बघून ते घराच्या कोपऱ्याआड गेले आणि तिथं लाकडं फोडायला लागले.

मी तेल लावलं. त्याचे खांदे, पाठ, हात. मग उटणं. कोपर बरगडीला लागलं की आग व्हायची, म्हणून मी हात बाजूला धरून वेडावाकडा फिरवत होते. तो म्हणाला, "हात जरा वर घे ना."

मला कळलं नाही.

"आईनं नीट बघून यायला सांगितलंय," तो म्हणाला. रागानं नाही, साधंच.

आपल्याकडं काखा वर करणं म्हणजे अंग काढून घेणं, जबाबदारी झटकणं. मी मात्र त्या सकाळी अगदी उलट्या अर्थानं दोन्ही हात वर केले. मला नांदायचं होतं म्हणून केले. पोलक्याच्या बाह्या खांद्यापर्यंत घसरल्या. तो पाटावरून अर्धवट उठला, नाक जवळ आणलं, आधी एकीकडं, मग दुसरीकडं. मी वर बघत होते. आंब्याच्या झाडावर कुणाचा तरी पतंग अडकलेला होता. मला वाटत होतं, आता विचारेल, हे काय करून घेतलंस. आता हात खाली घेईल माझे.

तो खाली बसला आणि मोकळं हसला.

"नाही येत. अगदी नाही," तो म्हणाला. "चला, सुटलो. आईला सांगता येईल आता." मग म्हणाला, "हे डाग जातील ना?"

कोपऱ्याआडचा लाकडं फोडण्याचा आवाज थांबला होता.

"जातील," मी म्हटलं. उरलेलं उटणं मी त्याच्या पायांना लावलं, गरम पाणी काढून दिलं आणि आत गेले.

आई पुऱ्या लाटत होती. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, वास गेला म्हणाले. तिनं पिठाच्या हातानंच तोंड झाकलं आणि रडायला लागली. एवढे महिने रडली नव्हती ती सगळी तिथं रडली. मी तिच्याजवळ बसले, आणि तिचं रडू ओसरल्यावर म्हटलं, "आई, मी जात नाही."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग वाटलं मी घाबरलेय. ती समजावत राहिली, की आता तर सगळं निस्तरलं, आता कशाला खुळेपणा. मी तिला एवढंच सांगितलं, की मला दर दिवाळीला असे हात वर करून उभं राहता येणार नाही. ती म्हणाली, "अगं, गेलाय ना पण तो!" मी म्हटलं, हो, गेलाय. आम्ही दोघी एकच वाक्य बोलत होतो आणि त्याचा अर्थ दोघींचा वेगळा होता.

आप्पा दारात उभे होते. हाताला लाकडाचा भुसा. त्यांनी आईला विचारलं, साताऱ्याच्या भिंती कधी पाडल्याच नव्हत्या ना? आई खाली बघत राहिली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, "बघू," म्हणाले. मी बाही वर केली. त्यांनी बघितलं आणि लगेच तोंड फिरवलं.

"मी बोलतो त्यांच्याशी," ते म्हणाले. "एकदा बोलून बघतो. तोवर काही ठरवू नकोस."

जयवंत आंघोळ करून, नवे कपडे घालून ओट्यावर फराळाला बसला. आप्पा त्याच्याजवळ जाऊन बसले. स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावरच उघडायची. आई कढईशी होती, मी पोळपाटाशी. औक्षणाचं ताट तयार करून ठेवलेलं होतं. आप्पांना मी कधी लांबण लावून बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते बोलले.

"जयवंतराव, रागावू नका, एक जुनी गोष्ट सांगतो. हिच्या आईलाबी हेच होतं. लग्न झालं तेव्हा फार होतं. आमची आई तिला चुलीपुढं बसू द्यायची नाही. मला रोज विचारायची, तुला कसा रे वास येत नाही? तर मला येत होता. चांगलाच येत होता. उन्हाळ्यात खोलीत झोपवायचं नाही. मी अंथरूण घेऊन अंगणात जायचो."

जयवंतनं काहीतरी हुंकार दिला.

"मग मी ही तपकीर धरली," आप्पा म्हणाले. "आन् आईला सांगितलं, मला वासच येत नाही. बायकोचा नाही, कशाचाच नाही. नवऱ्यालाच येत नाही म्हटल्यावर ती काय बोलणार? थंड झाली. पुढं तपकिरीनं नाक खरंच गेलं. मी तुम्हाला तपकीर ओढा म्हणत नाही. एवढंच म्हणतो, आईला सांगायचं असं नवऱ्याचं एक वाक्य असतंय. मला येत नाही, तेवढं फक्त. ते तुम्ही आमच्या पोरीसाठी म्हणाल का? तर ती आनंदानं येईल."

जयवंतनं खरोखर विचार केला. मी तेवढं कबूल केलं पाहिजे. मग तो म्हणाला, "पण आप्पा, आता तर नाहीच येत. मी स्वतः बघितलंय. खोटं कशाला बोलायचं?"

"आणि परत यायला लागला तर?"

"तर आणून सोडतो की इथं. राहील महिना-दोन महिने, उपाय करून बरी झाली की घेऊन जाईन. माझी काही हरकत नाही."

हे त्यानं मोठ्या मनानं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या आवाजात जराशीही खोट नव्हती, आणि म्हणूनच मला पुढं कधी माझ्या निर्णयाचा पश्चात्ताप झाला नाही. आप्पांच्या डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

मी वळून आईकडं पाहिलं. कढईत पुरी काळी झाली होती, धूर येत होता, आणि ती झारा हातात धरून खिडकीकडं बघत होती. मला वाटलं, माझा संसार गेला म्हणून ती अशी झालीय. मी गॅस बंद केला, तिच्या हातातला झारा काढून घेतला.

"मला म्हणायचे, उकडतंय," ती म्हणाली.

जयवंत भाऊबीजेच्या सकाळी एकटा गेला. जाताना आईच्या पाया पडला, माझ्याकडं बघून म्हणाला, विचार बदलला तर कळव. पुढं रीतसर फारकत झाली. त्यानं दुसरं लग्न केलं, मी डी.एड. करून शाळेत लागले. माझ्या अंगाला वास येतो की नाही हे मला आजही माहीत नाही. माझ्या वर्गातल्या पोरांनी कधी नाक धरलेलं मी पाहिलं नाही, आणि पोरं असल्या बाबतीत भीड ठेवत नाहीत.

घरात सगळं आधीसारखंच चाललं होतं, असं लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं. पण आई आता आप्पांना जेवायला वाढताना पानाजवळ वाकायची नाही. भाकरी मला द्यायची, "नेऊन वाढ," म्हणायची. चहाचा कप मला द्यायची. दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करायला लागली, थंडीतही. ते ओट्यावर बसले असले की ती मागच्या दारानं बाहेर जायची. रुसवा नव्हता. बोलायची त्यांच्याशी, बाजाराचं, कारखान्याचं, माझ्या पुढच्या शिक्षणाचं. फक्त लांबून बोलायची.

आप्पांच्या ध्यानात यायला तुळशीचं लग्न उजाडलं. त्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि हळूच विचारलं, "पाडव्याला मी बोललो, ते तिनं ऐकलं काय गं?"

मी हो म्हटलं. त्यांनी तपकिरीची डबी काढली, हातात फिरवली, परत ठेवून दिली. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यांनी माझ्यासाठी बाहेर काढली होती. माझं काही साधलं नाही आणि तिचा इतक्या वर्षांचा आधार मात्र गेला. हे ते बोलले नाहीत. त्यांच्याकडं बघून मलाच रडू आलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "जावयाला पटावं म्हणून मी वाढवून सांगितलं. तेवढा काही नव्हता."

स्वतः जाऊन सांगा, मी म्हटलं. तर नुसती मान हलवली. मी आत गेले. आई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि खडे काढता काढता म्हणाली, "मग त्यांना विचार, उन्हाळ्यात अंगणात का झोपायचे?"

मी परत ओट्यावर आले. दोघांच्या मध्ये एक भिंत, आणि मी निरोप्या. आप्पांनी प्रश्न ऐकला.

"उकडायचं," ते म्हणाले.

मी तेच आत जाऊन सांगितलं. आई पहिल्यांदा हसली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, आणि ते हसू मला अजून सहन होत नाही.

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी हेच सांगायचे."

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. चैत्र संपता संपता कॉलनीतले सगळे पुरुष बाजा घेऊन बाहेर झोपायला लागले. आप्पांनी मात्र जेवणं झाल्यावर आपलं अंथरूण आतल्या खोलीत नेलं आणि आईच्या अंथरुणाशेजारी, अगदी लागून घातलं. पंखा नव्हता. भिंतीला हात लावला तरी चटका बसत होता. ते काही न बोलता घामाघूम होऊन तिथं आडवे झाले.

आई स्वयंपाकघर आवरून आली. दारात उभी राहून तिनं ती दोन अंथरुणं बघितली. मग आपली वाकळ आणि उशी उचलली, माझ्या जवळून पुढं झाली आणि अंगणात जाऊन झोपली. मी मागोमाग गेले, तर माझ्याकडं पाठ करून म्हणाली, आत फार उकडतंय.